हिरवी टिक आणि बरणीतल्या एकसष्ट गोळ्या

(या भागाचं हे लेखी रूप. ऐकायचा असेल तर वर प्लेअर आहेच. कल्याणच्या पुढे ज्यांची रेंज जाते त्यांच्यासाठी खास टाईप केलंय. बोलताना केलेले 'म्हणजे', 'ॲक्चुअली' बरेचसे कापलेत, सगळे नाही.)

आज शहाडहूनच बोलतोय, घरून. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

आजचा विषय औषधांचा आहे, पण कुठलं औषध चांगलं, कुठलं वाईट याचा नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, मेडिकलमधून आणली, घरात ठेवली. पुढे ती पोटात जाते का? गेली की नाही हे कळतं कसं? यावर जगभर चिकार संशोधन झालंय, त्याला 'ॲडहेरन्स' म्हणतात. मी डॉक्टर नाही. बीटेक कॉम्प्युटर, रोज एअरोलीला जाऊन कोड लिहिणारा माणूस. मला या विषयात पडायला लावलं ते आईने. तिच्या परवानगीने सांगतोय. ती आत्ता स्वयंपाकघरात आहे आणि कान इकडेच आहेत.

आईला बीपी आहे. वय चोपन्न, ठाण्याला एका छोट्या ऑफिसात अकाउंट्स बघते. सकाळी एक गोळी. आता सॉफ्टवेअरवाल्या मुलाला आईची काळजी वाटली की तो काय करतो? ॲप बनवतो. २६ जानेवारीच्या सुट्टीत मी बनवलं. सकाळी सात वाजता नोटिफिकेशन, 'गोळी घेतली' असं बटण, दाबलं की हिरवी टिक. नाही दाबलं तर साडेसातला मला मेसेज, आणि मग मी आईला फोन करणार. स्वतःवर फार खूश होतो मी.

मार्चच्या मध्यावर डॉक्टरांकडे गेलो. बीपी १६२/९८. डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेता ना? आई म्हणाली, हो. मी तर मोबाईलच पुढे केला. बघा, सगळ्या हिरव्या टिक. डॉक्टरांनी साहजिकच असं धरलं की ही गोळी एकटी पुरत नाहीये. त्यांनी रात्रीची एक दुसरी गोळी वाढवली. त्यांच्यासमोर जी माहिती होती तिच्यावरून हाच निर्णय बरोबर होता. ती माहिती मी आणून दिली होती, हे लक्षात ठेवा.

एप्रिलच्या शेवटी आईने आठवडाभर रजा घेतली, माळा साफ करायचा म्हणून. रजेच्या सहाव्या दिवशी सकाळी ती ओट्याजवळ उभी होती आणि एकदम खाली बसली. डोळ्यांसमोर अंधारी. घरच्या मशीनवर बीपी ९८/६०. मी मीठ-साखरेचं पाणी करायला धावलो. साखरेचा डबा सापडेना म्हणून वरच्या फळीवरची चहाची जुनी बरणी उघडली. आत गोळ्या. सुट्या, पांढऱ्या, स्ट्रिपमधून नीट काढलेल्या. नंतर मोजल्या, ६१ निघाल्या.

ॲप सुरू होऊन ९१ दिवस झाले होते. माझ्या डॅशबोर्डवर ८८ टिक, म्हणजे ९७ टक्के. बरणीप्रमाणे तिने घेतलेल्या ३०, म्हणजे ३३ टक्के.

झालं काय होतं? सकाळची गोळी ती ऑफिसच्या दिवशी घेतच नव्हती. रात्रीची मात्र रोज घेत होती. रजेच्या आठवड्यात दोन्ही रोज सुरू झाल्या आणि बीपी धाडकन खाली आलं. जिन्यात चक्कर आली असती तर? शहाड स्टेशनच्या पुलावर, सकाळच्या गर्दीत? मी तो विचार फार करत नाही.

का घेत नव्हती, ते सांगतो. पण आधी या सगळ्याची दुसरी बाजू. कारण मी चिडून वाचायला बसलो आणि कळलं की माझ्या ॲपने केलेली चूक मोठमोठ्या संशोधकांनीही केलेली आहे.

दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमध्ये 'व्हॉइस' नावाची एक चाचणी झाली होती. पाच हजारांवर तरुण स्त्रिया. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून काहींना रोज एक गोळी, काहींना जेल, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या किंवा जेल. बायकांना विचारलं तर औषध घेण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास. परत आणलेल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, तरी जवळपास तेवढंच. निकाल २०१५ मध्ये छापून आला : कुठल्याच उपायाने लागण कमी झालेली दिसली नाही. मग साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांत औषध शोधलं. गोळीच्या गटांत ते सापडलं ३० टक्क्यांच्या आसपास नमुन्यांमध्ये. जेलच्या गटात त्याहून कमी.

म्हणजे चाचणी अख्खी झाली, पण औषध काम करतं का याचं सरळ उत्तर मिळेना, कारण बहुतेकींनी ते घेतलंच नव्हतं. नंतर संशोधकांनी काही जणींना त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट दाखवून पुन्हा बोलतं केलं. तेव्हा कारणं निघाली. दुष्परिणामांची भीती. घरी कुणी गोळ्या बघितल्या तर आपल्यालाच एचआयव्ही आहे असं वाटेल ही भीती. आणि खरं सांगितलं तर चाचणीतून काढून टाकतील ही भीती. आधी कुणी खोटं बोलत होतं असंही म्हणवत नाही. समोरच्याला जे ऐकायचंय ते त्या देत होत्या.

आता जवळ येऊ. टीबी. आपल्या पट्ट्यात टीबी झालेलं माणूस ओळखीत नाही असं घर शोधावं लागेल. साधा, औषधांना दाद देणारा टीबी असेल तर नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गंमत म्हणजे, गंमत कसली, अडचण अशी की काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते. भराभर वाढणारे जंतू लवकर मरतात, सुस्त पडून राहिलेले उरतात. उरलेले महिने त्यांच्यासाठी असतात. मधेच सोडलं तर आजार परत येतो, आणि अर्धवट औषधाला तोंड देऊन जगलेले जंतू त्या औषधाला पुढे जुमानत नाहीत.

म्हणून टीबीवाल्यांनी 'गोळी गेली का' हा प्रश्न सगळ्यात आधी गंभीरपणे घेतला. १९५६ मध्ये मद्रासला एक केंद्र सुरू झालं. आज ते आयसीएमआरची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. तिथे वॉलेस फॉक्स या डॉक्टरांच्या टीमने तपासलं की टीबीचा पेशंट सॅनेटोरियममध्ये ठेवलाच पाहिजे का. अर्ध्यांना सॅनेटोरियम, अर्ध्यांना घरी औषध. घरं म्हणजे दाटीवाटीची, जेवण जेमतेम. १९५९ मध्ये निकाल छापून आला : घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरातल्या माणसांना त्यामुळे जास्त लागण झाली नाही. जगभर सॅनेटोरियमं बंद होण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा. पण मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. पेशंट घरी सोडला तर तो गोळी घेतो का, हे त्यांनी विचारून सोडलं नाही. न सांगता घरी जायचं, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, लघवी तपासायची. लघवीत औषध दिसलं तर दिसलं. माणूस काय म्हणतो ते एक, शरीर काय म्हणतं ते दुसरं, दोन्ही शेजारी ठेवायचं.

पुढे 'डॉट्स' आलं. आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची. मोजण्याच्या दृष्टीने पक्कं, पण नाक्यावर उभं राहून रोजचं काम मिळवणाऱ्याला सकाळी केंद्रावर जा म्हणणं म्हणजे त्याचा खाडा. बरं, भारतात तेव्हा आठवड्यातून तीनदा औषध द्यायचे. २०१७ पासून रोजचं औषध देशभर सुरू झालं. आता रोज कोण कुणासमोर गिळणार?

इथे आपल्या जातीचे लोक येतात, म्हणजे इंजिनिअर. '९९ डॉट्स'. बंगळुरूला मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये बिल थीस यांच्या टीमकडून आलेली कल्पना, आणि खरंच सुंदर आहे. गोळ्यांच्या पाकिटाला बाहेरून कागदी वेष्टन. गोळी दाबून काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा. कुठला नंबर दिसेल हे आधी माहीत नसतं, म्हणून मिस्ड कॉल आला म्हणजे गोळी बाहेर निघाली. साधा फोन चालतो, नेट लागत नाही, खर्च किरकोळ. मिस्ड कॉल ही भाषा आपल्याकडे कुणाला शिकवावी लागते?

पण 'गोळी बाहेर निघाली' म्हणजे 'पोटात गेली' नव्हे. बरणी आठवा. २०२० मध्ये यावरचा एक अभ्यास आला. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतले जवळपास सहाशे पेशंट. पुन्हा तीच मद्रासची जुनी युक्ती : न सांगता घरी जाऊन लघवीची तपासणी, आणि ती मिस्ड कॉलच्या नोंदीशी ताडून बघायची. जुळणी हवी तेवढी झाली नाही. दोन्ही बाजूंनी चुकत होतं. कॉल आलेला पण औषध नाही, असेही होते. आणि औषध घेतलेलं पण कॉल नाही, असेही होते. घरात फोन एकच, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. किंवा सहा महिने रोज कॉल करायचा कंटाळा. डॅशबोर्डवर असा माणूस 'बेजबाबदार' म्हणून लाल दिसणार, आणि तो बिचारा रोज गोळ्या खाऊन बरा होतोय.

इथे एक फाटा फोडतो, कारण कॉलेजमध्ये मला हे कुणी शिकवायला हवं होतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका हृदयरोगाच्या चाचणीचे आकडे आले, 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'. हार्ट ॲटॅक येऊन गेलेले पुरुष. काहींना क्लोफायब्रेट नावाचं औषध, काहींना औषध नसलेल्या हुबेहूब गोळ्या. ज्यांनी क्लोफायब्रेट ८० टक्के किंवा जास्त घेतलं त्यांच्यात पाच वर्षांत दगावले १५ टक्के. ज्यांनी कमी घेतलं त्यांच्यात २४.६ टक्के. वा, औषध मस्त काम करतंय, असंच वाटणार ना? आता खोट्या गोळीचा गट बघा. नियमित घेणाऱ्यांत १५.१ टक्के. अनियमित घेणाऱ्यांत २८.२.

खोटी गोळी नियमित घेतल्याने माणसं जास्त जगली? गोळीमुळे नाही. जो माणूस रोज ठरल्या वेळी गोळी घेऊ शकतो, त्याचं आयुष्यच बहुधा जरा सावरलेलं असतं. वेळेवर जेवण, कमी ताण, घरात लक्ष देणारं कुणी, हातात पैसा. गोळी घेणं हे त्या सगळ्याचं एक बाहेरून दिसणारं चिन्ह. म्हणून चांगल्या चाचण्यांत 'ज्यांनी नीट घेतलं फक्त त्यांचेच आकडे बघू' असं करत नाहीत. ज्याला ज्या गटात टाकलं त्याला त्याच गटात मोजतात, घेतलं असो नसो. एबी टेस्टमध्ये बटण न दाबणारे युजर आपण गाळत नाही, तसंच.

आणि एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर सगळा दोष पेशंटच्या डोक्यावर जाईल. डॉ. मुकुंद उपलेकर यांनी सहकाऱ्यासोबत १९९१ मध्ये एक अभ्यास छापला. मुंबईच्या झोपडपट्टीत प्रॅक्टिस करणाऱ्या १०० खासगी डॉक्टरांना विचारलं, टीबीला काय लिहून द्याल? ८० वेगवेगळी उत्तरं आली. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये, हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडियांच्या टीमने धारावीत तेच विचारलं. १०६ डॉक्टर, ६३ तऱ्हेची प्रिस्क्रिप्शन्स, आणि बरोबर लिहिणारे ६. सहा! त्यातल्या उरलेल्या शंभराकडे जाणारा पेशंट कितीही प्रामाणिकपणे गोळ्या घेवो, त्याच्या हिरव्या टिकला काय अर्थ? किंवा २०२४ चा मार्च-एप्रिल. अनेक राज्यांत सरकारी टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना तिथल्या तिथे खरेदी करायला सांगितलं. तेव्हा चुकलेला डोस कुणाच्या खात्यावर लिहायचा?

बीपीकडे परत येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये एक अहवाल काढला होता. श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांची औषधं नीट घेणारे सरासरी निम्मेच. बीपी त्यात सगळ्यात अवघड, कारण दुखत काहीच नाही. टीबीत निदान खोकला तरी आठवण करून देतो.

आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत उच्च रक्तदाबाचा एक सरकारी कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. त्यात 'सिंपल' नावाचं ॲप वापरतात, ओपन सोर्स आहे, कोड बघता येतो. मी बघितला, आणि जरा लाजलो. त्या ॲपला 'गोळी घेतली का' हे रोज जाणून घ्यायचंच नाहीये. नर्स दोन गोष्टींकडे बघते : पेशंट ठरल्या तारखेला आला का, आणि आला तेव्हा बीपी १४०/९० च्या खाली आहे का. कार्डावर क्यूआर कोड, स्कॅन केला की मागच्या नोंदी समोर. जे आले नाहीत त्यांची यादी निघते, त्यांना फोन जातो. एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या आणि शक्यतो घराजवळच्या केंद्रावर. गोळी पोटात गेली का याचा अंदाज बीपीच्या आकड्यावरून येतो, आणि आकडा नाही आला तर बोलायला सुरुवात करायची.

माझं ॲप मात्र वेगळंच मोजत होतं. आईचं बोट बटणावर पडतं का, एवढंच. आणि बोट नाही पडलं तर मुलगा चिडून फोन करतो. मग बोट पडणारच ना.

आता कारण. आईच्या सकाळच्या गोळीत दोन औषधं एकत्र होती. त्यातलं एक लघवी वाढवणारं. मूत्रपिंडावाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकून बीपी उतरवतं. स्वस्त, जुनं, चांगलं औषध आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. घेतल्यावर साधारण दोन तासांत परिणाम सुरू होतो. सात वाजता गोळी, म्हणजे नऊ. नऊ वाजता आई कुठे असते? कसाऱ्याहून भरून आलेल्या लोकलमध्ये, डोंबिवली ते ठाणे या टप्प्यात, जिथे हात खाली घेता येत नाही. लोकलला संडास नसतो. ऑफिसला पोचलं की बायकांचं टॉयलेट एक, त्याची चावी एका साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, मागावी लागते. सकाळभरात तीन-चारदा.

हे ती मला चार महिने सांगू शकली नाही. मी विचारलंही नव्हतं. मी रोज विचारत होतो, 'गोळी घेतली का?' त्याला उत्तर एकच असतं.

[आई, आतून : अरे, आणि तू स्ट्रिप पण बघायचास ते सांग की!]

हो, सांगतो. मी स्ट्रिप रिकामी होतेय का तेही बघायचो. म्हणून ती रोज गोळी दाबून काढायची आणि बरणीत टाकायची. फेकवत नव्हतं तिला. पैशाची वस्तू.

[आई : गोळी रविवारी घेत होते मी. सुट्टीला पण घेत होते.]

आता हिशोब जुळतो बघा. तेरा आठवडे, त्यातले ऑफिसचे दिवस, एकाआड एक शनिवार धरून, सणांच्या सुट्ट्या आणि रजा वजा करून : ६१. एकही इकडेतिकडे नाही. याला विसरभोळेपणा म्हणायचं? माझ्या कोडपेक्षा तिचं लॉजिक पक्कं होतं.

बरणी घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. आई घाबरली होती, ओरडतील म्हणून. त्यांनी बरणीकडे बघितलं आणि म्हणाले, बऱ्याच जणांच्या गोळ्या राहतात, तुमच्या नेमक्या कुठल्या दिवशी राहतात? त्या एका प्रश्नावर आईने लोकल, चावी, साहेब, सगळं सांगून टाकलं. पाच मिनिटं लागली. त्यांनी लघवीचं औषध काढून सकाळी दुसरं एकटं औषध ठेवलं, रात्रीची तीच राहिली. घोट्याला सूज वाटली तर सांगा म्हणाले. हे बदल त्यांनी केले, आम्ही नाही. तुमच्या घरात अशी बरणी सापडली तर उत्साहाने सगळ्या गोळ्या एकदम सुरू करू नका आणि परस्पर बंदही करू नका. डॉक्टरांना ती बरणी दाखवा. बहुधा प्रिस्क्रिप्शन तिच्याशिवायच ठरलेलं असतं.

ॲपमधलं हिरवं बटण मी काढून टाकलंय. मला जाणारा मेसेजही. आता दर रविवारी एकच प्रश्न येतो : 'या आठवड्यात कुठली गोळी जमली नाही, आणि कशामुळे?' टाईप करायचं किंवा बोलायचं. त्याखाली बीपीचा आकडा. मागच्या रविवारी आईने लिहिलं होतं : 'गुरुवारी राहिली. मेगाब्लॉकच्या अफवेमुळे लवकर निघाले.' बीपी १३४/८४.

पुढच्या भागात घरच्या बीपी मशीनबद्दल बोलू, ती कितपत खरं सांगते आणि मोजताना पाय लोंबकळत का ठेवू नयेत. आज इथेच थांबतो, आई चहाला बोलावतेय. बरणीत आता पुन्हा चहा आहे.